दोन वाजताची ओळ

"मॅडम, प्रिंटरला वीज येतेय का, तेवढं बघता?"

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. आत्ताच या बाबाला सांगून झालं होतं की प्रिंटरने सहा पानं छापली, त्यातली पाच बरोबर आहेत आणि एक चुकलंय. वीज नसती तर ती सहा पानं काय मी फुंकर मारून काढली?

"येतेय," म्हटलं. "वीज आहे, कागद आहे, शाई आहे, वायर लावलेली आहे, दिवा हिरवा आहे. आता पुढचं विचारा."

"धन्यवाद मॅडम. आता एकदा प्रिंटर बंद करून सुरू कराल?"

हा सकाळपासूनचा तिसरा. पहिल्याने बंद करून सुरू करायला लावला. दुसऱ्याने बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवायला लावला, आणि त्या दहा मिनिटांत स्वतःच फोन ठेवून दिला. आता हा. यांना शिकवताना हे एकच वाक्य शिकवतात की काय, देव जाणे.

दुपारचा एक वाजून गेला होता. पाच वाजता हॉस्पिटलचं ऑफिस बंद होणार होतं आणि त्याच्या आत माझ्या धाकट्या बहिणीचा लेखी खुलासा तिथे पोचायला हवा होता. टाईप केलेला, कागदावर छापलेला, प्रत्येक पानावर सही. ईमेल चालणार नाही. हातानं लिहिलेलं चालणार नाही. उशीर झाला तर "आपल्याला काही म्हणायचे नाही असे समजून पुढील कारवाई केली जाईल." म्हणजे सव्वीस वर्षांची नोकरी गेली, असं साध्या भाषेत. तेवढं सरळ लिहायचीही यांची छाती होत नाही.

धाकटी नर्स आहे. एकोणीस दिवसांपूर्वी दुपारी दोन वाजता तिने कॉट नंबर चौदाच्या आजोबांना पंधरा नंबरचं इंजेक्शन दिलं. साखर खाली आणायचं. चौदाच्या आजोबांना साखरेचा आजारच नव्हता. ते दोन दिवस शुद्धीवर नव्हते. वाचले, पण घरच्यांनी तक्रार केली, आणि ती करायलाच हवी होती, मीसुद्धा केली असती. त्याच संध्याकाळी धाकटीला घरी पाठवलं आणि हॉस्पिटलच्या आवारात पाऊल टाकायचं नाही अशी तंबी दिली.

पहिले दोन दिवस ती एकच सांगत होती, "ताई, मी तक्त्याप्रमाणे दिलं." हा तक्ता म्हणजे रोजच्या औषधांचा कागद. वर आडव्या ओळीत कॉटचे नंबर, डावीकडे उभ्या वेळा. ज्या नंबराखाली, ज्या वेळेसमोर जे लिहिलंय ते द्यायचं. पाळी संपली की तो कागद फाडून टाकतात, दुसऱ्या दिवशी नवा येतो. त्यामुळे तिच्या हातात होता तो कागद कधीच कचऱ्यात गेला होता. चौकशी समितीने तिला समोर बसवून कॉम्प्युटरवर त्या दिवशीचा तक्ता उघडला. इंजेक्शन पंधराच्या खाली, ढळढळीत. "दिसतंय ना सिस्टर?" असं विचारलं म्हणे.

त्यानंतर ती काही बोलेनाशी झाली. जाऊन डोळे तपासून आली. नंबर बदललेला नव्हता. तरी घरात येता-जाता कॅलेंडरसमोर उभी राहायची आणि मला विचारायची, "ताई, हा तेवीसच आहे ना?" जेवताना मध्येच हात थांबायचा. "म्हातारं माणूस होतं गं. माझ्याशी गप्पा मारत होतं. आणि मी काय बघितलं असेन?" मला तिची दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. मी तिला म्हणायचे, गप बस आणि जेव. दुसरं काय म्हणणार?

खुलाशात तिला दोनच ओळी लिहायच्या होत्या. माझी चूक झाली, क्षमा असावी. मी म्हटलं, वेडी आहेस का? मी एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेली बाई आहे, असले खुलासे मी लोकांना झोपेत टाईप करून दिलेत. मीच बसले. सहा पानं केली. पाचव्या पानावर समितीने दिलेल्या स्क्रीनच्या फोटोवरून त्या दिवशीचा तक्ता जसाच्या तसा उतरवला, आकडा न् आकडा तपासला. आणि त्याच पानाने घात केला.

स्क्रीनवर सगळं जिथल्या तिथे. कागदावर मात्र दोन वाजताच्या ओळीतलं ते एकुलतं एक इंजेक्शन पंधराच्या खालून सरकून बरोबर चौदाच्या खाली.

आता हा कागद समितीच्या हातात पडला तर ते काय म्हणतील? म्हणतील, बाईने स्वतःला वाचवायला तक्ताच बदलला. चूक तर केलीच, वर पुरावा फिरवला. त्या मेल्या यंत्राला सबंध पानात सरकवायला दुसरा शब्द मिळाला नाही!

"मॅडम, सुरू केला का?"

"केला."

"आता प्रिंट काढून बघा."

काढली. चौदाच्या खाली.

"मग हा प्रॉब्लेम आमचा नाही मॅडम. तुम्ही ज्या प्रोग्राममध्ये टाईप करता त्यांच्याशी बोला."

त्या प्रोग्रामवाल्यांनी मला बावीस मिनिटं पिपाणीचं गाणं ऐकवलं. मध्ये मध्ये एक बाई येऊन सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. एवढा महत्त्वाचा आहे तर उचल की गं बाई! शेवटी एकाने उचलला. आवाज असा गोड की आत्ताच झोपून उठलाय.

"मॅडम, स्क्रीनवर बरोबर दिसतंय?"

"दिसतंय."

"मग आमच्याकडून काहीच चुकलेलं नाही. प्रिंटरच्या कंपनीशी बोला."

"त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय!"

"हो का? मग मॅडम, असं करा, स्क्रीनचा फोटो काढा आणि त्यांना तो दाखवा."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अहो, मी काय लग्नाच्या मुलीचा फोटो दाखवतेय का? मला कागद पाहिजे, कागद! कागदावर सही करतात, फोटोवर नाही." त्याने शांतपणे विचारलं की त्याच्या सेवेबद्दल मी पाचपैकी किती गुण देईन. मी फोन आपटला.

धाकटी दारात उभी होती. "ताई, जाऊ दे ना. कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून आणू."

"दुकान साडेचारला उघडतं. आणि तिथे तरी बरोबर येईल कशावरून? आणि एकतीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईने एक तक्ता छापायला दुकानात जायचं?"

"तुझा राग बाजूला ठेव की थोडा वेळ."

"राग बाजूला ठेवला तर उरेल काय माझ्याकडे?" मी म्हटलं आणि पुन्हा प्रिंटरवाल्यांना फोन लावला.

या वेळी एका बाईने उचलला. घसा बसलेला, बोलताना मध्येच खोकत होती. तिने वीज विचारली नाही. "काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा," म्हणाली. सकाळपासून हे विचारणारं पहिलं माणूस. मी सगळं सांगितलं, थोडं जास्तच जोरात. तिने स्क्रीनवर आलेला एक नंबर वाचून दाखवायला लावला आणि बघता बघता माझा बाण माझ्या हाताशिवाय हलायला लागला. ती तिकडून बघत होती. तिने वर कुठेतरी एक बटण दाबलं.

पानभर ठिपके उमटले. देवी आल्यासारखे. शब्दांच्या मध्ये, रकान्यांच्या मध्ये, जिथे कोरी जागा होती तिथे सगळीकडे बारीक काळे ठिपके.

"अहो, हे काय केलंत? पुसा ते!"

"ते मी नाही केलेले, मॅडम. ते आधीपासून आहेत, फक्त आता दिसायला लागले." ती खोकली. "प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पेस. तुम्ही रकाने स्पेस मारून पाडलेत का?"

"मग कशाने पाडतात? विटा रचून? मोजून मारल्यात. हे बघा, पंधरा नंबरपर्यंत एक्केचाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"तेच झालंय. टाईपरायटरवर प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक स्पेसला सारखीच जागा लागते. तुमच्या स्क्रीनवरची अक्षरं पण तशीच आहेत. पण हा प्रिंटर नवा आहे, तो स्वतःची अक्षरं वापरतो. त्याची स्पेस बारीक आहे. शब्द जागा धरून ठेवतात, स्पेस आकसतात. ज्या ओळीत शब्द भरपूर आहेत ती ओळ फारशी हलत नाही. ज्या ओळीत नुसत्या स्पेस आणि शेवटी एकच शब्द, तो शब्द डावीकडे घसरतो." पुन्हा खोकला. "प्रिंटर बिघडलेला नाही, मॅडम. टायपिंगची पद्धत जुनी आहे."

मला, जिने नऊशे मुलामुलींना टायपिंग शिकवलं, तिला ही खोकणारी बाई सांगणार टायपिंगची पद्धत! मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा काही दोष नव्हता हे मला बोलतानाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मॅडम, चौकटीचा तक्ता घाला, दोन मिनिटांचं काम आहे. मी दाखवते."

"ताई, फोन ठेव."

धाकटी खाली बसली होती. मी रागारागाने बोळे करून फेकलेल्या पानांपैकी एक तिने उचलून मांडीवर सपाट केलं होतं, आणि त्यावरून तिचं बोट फिरत होतं.

"आता नको गं मध्ये..."

"ताई, हाच तो."

"काय हाच?"

"हाच कागद माझ्या हातात होता." तिने बोट ओळींवरून खाली नेलं. "सकाळच्या ओळी बरोबर, आठ, दहा, बारा. आणि दोनची ओळ अशीच, चौदाच्या खाली. मी तक्त्याप्रमाणेच दिलं होतं. मी म्हणत होते ना तुला? त्या सोमवारी वॉर्डात नवा प्रिंटर आला होता, त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं."

मी फोन ठेवला की नाही ते मला आठवत नाही.

समितीने बघितला स्क्रीन. धाकटीने बघितला कागद. दोघंही खरं बोलत होते. एकोणीस दिवस माझी बहीण स्वतःला आंधळी समजत होती, वेडी समजत होती, आणि त्या शहाण्यांपैकी एकालाही एक कागद छापून बघावासा वाटला नाही! मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

"पण तुमच्याकडे स्पेस मारून तक्ता करतो कोण? हल्ली कोण करतं असं?" मी विचारलं.

धाकटीने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि तिने सांगायच्या आधी मला कळलं.

खटखट. आता पन्नाशीचा असेल. क्लासमध्ये इतक्या जोरात टाईप करायचा की पोरांनीच हे नाव ठेवलं. हॉस्पिटलच्या ऑफिसात त्याला माझ्याच चिठ्ठीवर घेतलं होतं. रकाना पाडायला मीच त्याला शिकवलं, डोळे मिटून स्पेस मोजायची, एक चुकली तर बोटांवर पट्टी. कॉम्प्युटर आले तेव्हा काहीजण म्हणाले, बाई, आता तक्ता आपोआप पडतो. मी म्हटलं, आपोआप पडतो तो तक्ता नव्हे. सगळे हसले होते. मला फार अभिमान वाटला होता त्या वाक्याचा.

"बरं झालं," मी म्हटलं. "आता हेच खुलाशात घालते. अजून दीड तास आहे. बघ कशी सगळ्यांना..."

"ताई, तक्ता आजही तोच करतो."

"मग?"

"आणि प्रिंटरही तोच आहे." ती उठून उभी राहिली. "दुपारी दोनला आणि चारला एखाददुसराच डोस असतो. बाकी ओळ रिकामी. आता साडेतीन झालेत."

एकोणीस दिवस. रोज दोन ओळी. कुणाची शक्तीची गोळी शेजारच्याला गेली तर कळणारही नाही. पण सगळ्याच काही शक्तीच्या गोळ्या नसतात.

तिने वॉर्डात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "सिस्टर, तुमच्याशी बोलायला आम्हाला मनाई आहे," आणि खट्. पुन्हा लावला, उचललाच नाही. मी खटखटला लावला.

"बाई! किती वर्षांनी!"

"आजचा तक्ता छापून वॉर्डात गेला का?"

"केव्हाच."

"परत माग तो. रकाने सरकलेत."

"शक्य नाही बाई." त्याच्या आवाजात वर्गातला तोच जुना आदर होता. "तुम्ही शिकवलंय तसंच केलंय, मोजून. स्क्रीनवर बघतोय ना आत्ता, एकदम बरोबर आहे."

"स्क्रीन नको बघूस, गाढवा, कागद बघ!"

"कागद वॉर्डात गेला ना बाई."

धाकटीने चपला घातल्या होत्या.

"कुठे निघालीस? तुला आवारात बंदी आहे. आत गेलीस तर खुलासाही वाचणार नाहीत, तेवढंच निमित्त मिळेल त्यांना! मी जाते. तू सही कर आणि..."

"तुला तिथे कोण ओळखतं? तुझं कोण ऐकेल?"

"माझं ऐकत नाही असा माणूस जन्माला यायचाय."

"सकाळपासून दोन कंपन्यांनी ऐकलं का?" ती म्हणाली आणि जिना उतरलीसुद्धा.

हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. आम्ही पळालो. माझं वय पळण्याचं नाही, पण शिव्या देत पळालं की दम कमी लागतो. फाटकावरच्या रखवालदाराने धाकटीला ओळखलं आणि हात आडवा केला. साहेबांची ऑर्डर आहे, सिस्टर. मी मध्ये घुसले. त्याच्या बिल्ल्यावर बोट ठेवून अशी काही बोंब ठोकली की दहा माणसं जमली, तो माझ्याकडे वळला, आणि धाकटी त्याच्या काखेखालून आत गेली. जन्मभर ज्या तोंडामुळे चार माणसं दुखावली ते एकदाचं उपयोगी पडलं.

मला रखवालदाराने दंडाला धरूनच वॉर्डापर्यंत नेलं. चारला तीन मिनिटं कमी होती. वॉर्डाच्या दारात एक तरुण नर्स उभी होती, हातात ट्रे, ट्रेमध्ये भरलेलं इंजेक्शन. धाकटी तिच्यापासून चार हात लांब उभी होती. तिने कुणालाही हात लावला नव्हता. नुसती भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणत होती, "फाईल बघ. तक्ता नको, फाईल. कॉट आठची फाईल उघड आणि बघ."

"सिस्टर, तुम्ही आत यायचं नाही..."

"मी आत येत नाही. तू फाईल बघ."

पोरीने ट्रे ठेवला, फाईल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग नऊची फाईल उघडली. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. कॉट आठवर एक बाई उशीला टेकून मासिक वाचत होती. तिने पान उलटलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

मोठे साहेब आले. पाठोपाठ खटखट आला, हातात चष्मा. साहेबांनी आधी काय बघितलं असेल? इंजेक्शन नाही, तक्ता नाही. धाकटीचे पाय. "तुम्हाला आवारात मनाई आहे, ठाऊक आहे ना?" मग ते टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे गेले, तक्ता उघडला आणि म्हणाले, "इथे तर बरोबर आहे."

"स्क्रीन बघू नका हो!" मी अशी किंचाळले की वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसले. "एकोणीस दिवस सगळे मिळून स्क्रीन बघताय! त्या आजोबांना स्क्रीनने इंजेक्शन दिलं का? कागद बघा! एकदा, देवासाठी, कागद बघा!"

धाकटीने भिंतीवरचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागद बघितला. स्क्रीन बघितला. पुन्हा कागद.

"हा कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"मी," खटखट म्हणाला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"याला असं करायला मी शिकवलंय," मी म्हटलं. "माझा क्लास होता. रकाने मोजून पाडायचे ही माझी पद्धत, आणि ती सोडू नका हेही मीच सांगितलं. माझं नाव लिहा."

"तुम्ही कोण?"

"मी याची बाई."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, एक फॉर्म मागवला आणि लिहायला सुरुवात केली. "बाई, तुमचं म्हणणं ठीक आहे. पण फॉर्ममध्ये 'जबाबदार कर्मचारी' असा एकच चौकोन आहे. तुम्ही आमच्या कर्मचारी नाही." त्या चौकोनात त्यांनी खटखटचं नाव लिहिलं.

"आणि नवा प्रिंटर आणला कुणी? छापलेला कागद तपासला कुणी? हिला घरी बसवताना एकाने तरी..."

"त्यासाठी वेगळा अर्ज करा," ते म्हणाले. धाकटीला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही उद्यापासून या." माफी नाही, काही नाही. जणू हिनेच एकोणीस दिवस रजा घेतली होती.

धाकटी म्हणाली, "उद्या कशाला? सहाचे डोस आहेत." आणि आत गेली. सहा पानांचा खुलासा घरी टेबलावर तसाच पडला होता. पाच वाजून गेले, कुणी विचारलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. खटखट. हातात पाकीट. पत्र मी लगेच ओळखलं, कारण शब्द नि शब्द तेच होतं, नाव आणि तारीख तेवढी बदललेली. आवारात मनाई. लेखी खुलासा. टाईप केलेला, छापलेला, प्रत्येक पानावर सही, ईमेल चालणार नाही.

"बाई, तुम्ही टाईप करून द्याल का?" तो म्हणाला. "मला हल्ली कीबोर्डवर हात ठेवायची भीती वाटते."

"भीती वाटते म्हणे! बस तिथे. तूच टाईप करायचंस. मी सांगते." त्याला ओढून खुर्चीवर बसवलं. "लिही. रकाने असे मोजून पाडायला मला माझ्या बाईंनी शिकवलं, आणि ते चुकीचं होतं."

त्याने हात मागे घेतले. "हे मी नाही लिहिणार."

"का?"

"तुमच्यामुळे नोकरी लागली होती मला."

असा संताप आला मला. त्याचा आला, त्या साहेबांचा आला, सगळ्या हेल्पलाइनवाल्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त कुणाचा आला ते त्यालाही दिसत असणार. "लिही म्हणते ना!" मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले, आणि मध्येच माझा आवाज फुटला.

तो लिहायला लागला. खुलाशाच्या शेवटी जोडायला पाकिटात त्यांचा छापील कागद होता, त्यावर सहीसाठी एकच चौकोन. त्यात आधी मी सही केली आणि मग पेन त्याच्या हातात दिलं.